कौलं, वांदर आणि मिरग: शाकारणी करावी की पत्रे घालावे?

कुळागरवाली
नमस्कार मंडळी. मे अर्धा सरला, मिरग तोंडावर आला आणि आमच्या घरात छपरावरून दोन पक्ष पडलेत.

गोव्यात वाळपईच्या पलीकडे आमचं कुळागर आहे. माड, पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी, मध्ये केळी, वरच्या उतारावर थोडे काजू. घर चिऱ्यांचं आणि मंगळुरी कौलांचं, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. पूर्वी रोहिणी लागल्या की गडी यायचे आणि शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावून घेण्याचं काम, उरकायची. आता गडी मिळत नाहीत. मिळाले तर 'फाल्यां (उद्या) येतो' म्हणतात आणि ती फाल्यां दिवाळीनंतर उजाडते. त्यात वांदरांची टोळी. फणसावरून उडी थेट स्वयंपाकघराच्या छपरावर, तिथून माडावर. टोळी पुढे गेली की मी खाली केरसुणी घेऊन कौलांचे तुकडे गोळा करते.

नवरा म्हणतो, कौलं उतरवू, रंगीत पत्रे ठोकू, कटकट मिटली. सासरे म्हणतात, मी असेपर्यंत या घरावर पत्रा चढणार नाही. दोघंही मला विचारतात आणि दोघांनाही माझं उत्तर नको असतं.

भरीस भर, माळ्यावर मांजर व्यालीय. तिला आम्ही नाव ठेवलेलं नाही, ती दिसली की 'आली' म्हणतो एवढंच. पिल्लांचे डोळे अजून मिटलेले आहेत. आणि कुत्र्याला (नाव सुंगट, म्हणजे कोळंबी, शेपटीच्या वळणावरून) इतके गोचीड झालेत की कानाच्या आतली कातडी दिसत नाही. औषध लावलं की थोडे दिवस बरं, मग परत तेच.

तर पत्रे की कौलं? वांदरांना आवरायचं कसं? पिल्लं हलवू का? गोचिडांचं काय करू? वेगवेगळे धागे काढत बसले नाही, घरात सगळं एकदमच चाललंय.

पेडण्याचा बापू
पत्रे. विषय संपला.
आमच्याकडे नळे (जुनी अर्धगोल कौलं) होते, सगळे उतरवले. पहिल्या पावसात टीव्ही ऐकू येत नाही, बायको काय बोलते तेही ऐकू येत नाही. दोन्ही फायद्यातच धरतो.

भटकी मनी
बापू, वहिनी हा धागा वाचतात का? नसतील तर दुवा पाठवते.

रीप आणि वासा
ताई, पत्रे की कौलं हा प्रश्न दुसरा. छप्पर कुठून आणि कशाने गळतंय, हा पहिला. लोक फुटलेलं कौल बदलतात आणि गळती तशीच राहिली की कौलांना नावं ठेवतात.

मंगळुरी कौलाच्या कडेला खाच असते, तिच्यात शेजारचं कौल बसतं. त्या खाचेत पाला, धूळ, पोफळीचा कचरा साचून घट्ट बसतो. मग पाणी खाली वाहायचं सोडून तुंबतं आणि काठावरून आत उतरतं. कौल अख्खं, तरी खाली बादली. असं कौल बदलायचं नसतं, काढून तारेच्या ब्रशने घासून परत ठेवायचं असतं. कुळागरात घर म्हटल्यावर हे ठरलेलंच.

दुसरी गोष्ट रीप, म्हणजे कौलं ज्यावर टेकतात ती आडवी लाकडी पट्टी. रीप वाकली की वरचं कौल खालच्यावर हवं तेवढं चढत नाही आणि फट राहते. अंगणात लांब उभं राहून बघा, कौलांच्या ओळी मध्ये पोटात गेल्यासारख्या दिसत असतील तर कौलांचा दोष नाही. तिसरी, दोन उतार मिळतात तिथली पन्हळ. तिथला पत्रा गंजतो, लोक वरून डांबर ओततात, पुढच्या उन्हाळ्यात डांबर तडकतं. ती बदलायचीच.

शोधायची रीत अशी. भर दुपारी माळ्यावर जा, दिवा लावू नका. ऊन जिथून आत शिरतं त्या वाशावर खडूची खूण करा. पावसात थेंब पडतो त्याच्या डोक्यावर भोक क्वचितच असतं. पाणी वाशाला धरून उतरतं आणि गाठ किंवा खिळा लागला की तिथे टपकतं. म्हणून बादलीपासून वाशाने वर वर जात शोधायचं.

कौल चांगलं की वाईट ते बोटाच्या पेराने वाजवून कळतं. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर डोळ्यांना दिसत नसला तरी तडा आहे.

आणि छपरावर चढणाऱ्याला सांगा, कौलाच्या पोटावर पाय नको. दोन कौलं एकमेकांवर येतात आणि खाली रीप असते तिथे पाय, तोही आडवी फळी टाकून. शाकारणीला आलेले काही गडी वांदरांपेक्षा जास्त कौलं फोडून जातात.

पेडण्याचा बापू
सगळं खरं, पण हे करणार कोण? मी सत्तरीला आलो. मुलगा पुण्यात, सून पुण्यात. दर मे महिन्यात वाशाला खडू लावत माळ्यावर फिरायचं काय मी? पत्र्याखाली दुपारी बसवत नाही हे कबूल, पंखा लावतो. गोव्यात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाळपईला त्याहून जास्तच. त्या पावसात रात्री झोप लागते की नाही, एवढंच मी बघतो.

रीप आणि वासा
बापू, तुमच्यासाठी पत्रा बरोबरच आहे, तुमच्याशी भांडण नाही. माझं म्हणणं ताईंच्या घराबद्दल. तिथे अजून वर चढणारी माणसं आहेत आणि लाकूडही बहुतेक माटी किंवा किंदळ या रानझाडांचं असणार. त्या काळी सत्तरी तालुक्यात दुसरं काय घालणार?

पत्रा घालायचाच तर एवढं लक्षात ठेवा: कौलाचं वजन वाशांना दाबून धरतं. ते काढून हलका पत्रा टाकला की वारा खालून उचलायला बघतो. वासे भिंतीवरच्या पाटीला नीट जखडल्याशिवाय पत्रा टाकू नका.

सावंतवाडीचा पावणा
मधला मार्ग आहे ना. खाली पत्रा, वर कौलं. आमच्याकडे पुष्कळ जणांनी केलंय. दिसायला कौलारू, गळायला नाही.

रीप आणि वासा
आहे, पण पत्रा आणि कौल यांच्यामधल्या पोकळीची तोंडं बारीक जाळीने बंद केली नाहीत तर ती उंदरांना आंदण दिल्यासारखी होते. उंदीर गेला की मागून धामण. धामण बिनविषारी आणि कामाची, पण रात्री पत्र्यावर सरपटायला लागली की घरातलं कोणी झोपत नाही.

म्हापसेकर
आमच्याकडे सगळे पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) मागे आहेत, सोलं, सुकी मासळी, मिरची, आणि तुम्ही छपराचं पुरुमेंत करताय. शुक्रवारच्या बाजारात काल... जाऊ दे, मासळीचे भाव इथे लिहिले तर धागा भरकटेल.

एक विचारतो. फणस तोडून का टाकत नाही? वांदरांचा रस्ताच बंद.

चिरेबंदी
फणस पाडायचा तर परवानगी लागते. १९८४ चा झाडं राखण्याचा कायदा आहे, खाजगी जमिनीतल्या झाडालाही लागतो. माड २०१६ मध्ये त्यातून वगळला होता, त्यावर गदारोळ झाला आणि पुढे परत आत घेतला. छपरावर कललेला माड असेल तर तोही आपल्या मनाने कापू नका, वनखात्यात अर्ज करा.

पण पाडायची गरजच काय? छपराकडे आलेल्या फांद्या मागे घ्या. वांदराची आडवी उडी ४ मीटरच्या आसपास जाते, वरून खाली असेल तर याच्या दुप्पट पल्ला सहज. म्हणजे नुसतं टोक छाटून भागत नाही, छपरापेक्षा उंचावर असलेली फांदी बुंध्याकडून काढावी लागते. ते काम पाडेल्याला सांगा, माडावर चढणारा माणूस फणसावर तुमच्या नवऱ्यापेक्षा बरा चढेल.

आणि पिकलेला फणस झाडावर ठेवू नका. अर्धा खाल्लेला तर अजिबात नको. टोळी रोज त्याच वाटेने का येते, तर वाटेवर जेवण असतं म्हणून. फटाके वाजवून टोळीला चार दिवसांत सवय होते, कुत्र्याला मात्र होत नाही.

कुळागरवाली
काका, फणसाचं पटलं. सासूबाई एक फणस पिकण्यासाठी मुद्दाम झाडावर ठेवतात, 'झाडावरचा गोड' म्हणून. तो अजून एकदाही आमच्या ताटात आलेला नाही.

भटकी मनी
आता पिल्लांकडे वळूया का कोणी?

ताई, हलवू नका. डोळे साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत उघडतात. तोवर तुम्ही हात घातला तर 'आली' स्वतःच तोंडात धरून त्यांना कुठेतरी नेईल आणि ती जागा तुम्हाला सापडणार नाही. मग गडी नेमकं त्याच कोपऱ्यावरचं कौल उचलणार. त्यापेक्षा शाकारणी माळ्याच्या दुसऱ्या टोकापासून सुरू करा. एक खोका, आत जुनं लुगडं, जिन्याच्या खाली अंधारात ठेवून द्या आणि तिला खाणंही तिथेच घाला. ठोकाठोक वाढली की ती आपणहून पिल्लं खाली आणेल. पिल्लं दूध पीत असतानाही ती परत गाभण राहू शकते, आणि ६५ दिवसांच्या आतबाहेर पुढची वीण तयार. तिचं दूध आटलं की लगेच ऑपरेशन.

दोन गोष्टी हात जोडून सांगते. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजरीला लावू नका. पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजरीला मारतं, आणि औषध लावलेल्या कुत्र्याला खेटून झोपली तरी झटके येऊ शकतात. आणि ताप आला म्हणून मांजरीला पॅरासिटामॉल नको, अर्धी गोळीसुद्धा नको.

चिरेबंदी
सुंगटाचे गोचीड भिंतीत आहेत.

खरंच सांगतो. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म फुगला की अंगावरून गळून पडतो आणि भिंतीच्या फटीत चढतो. मादी तिथे हजारांनी अंडी घालते. जुन्या चिऱ्यांच्या भिंतीत सांध्यातला चुना झडलेला असतो, शिवाय चिऱ्याला स्वतःचीच भोकं. कुत्रा झोपतो त्या भिंतीशी बॅटरी घेऊन बसा, गुडघ्याएवढ्या उंचीपासून वर बघा. वाटाण्याएवढ्या राखाडी गाठी आणि आजूबाजूला मोहरीपेक्षा बारीक, चालणारे ठिपके दिसतील. कुत्र्याला औषध आणि भिंत तशीच, म्हणजे परत तेच होणार. उपाशीपोटी महिनोन् महिने जगतात ते.

सांधे लोखंडी सळीने खरवडून काढा, झाडून घ्या, चुन्याने परत भरा. सिमेंटने नको. चिरा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. वर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे निघतात. वसरीच्या भिंतीला गिलावा नसेल तर नशीबवान आहात.

फवारणी करायची तर विहिरीपासून लांब, मांजर आत असताना नाही, आणि औषध पशुवैद्यांना विचारून.

दवाखानेवाली
मी आरोग्य केंद्रात काम करते, म्हणून थोडं कडक लिहिते.

सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. विषाणू रानातल्या गोचिडांतून येतो. वांदर आणि माकडं त्याने मरतात, आणि मेलेल्या जनावराच्या अंगावरचे गोचीड आसपास पसरतात. डिसेंबर ते मे हा त्याचा मोसम, आणि नेमका तेव्हाच आपण काजू गोळा करायला, पाला-लाकडं आणायला रानात असतो.

घरच्या कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड वेगळा, त्याने माकडताप पसरत नाही. पण सुंगट काजूत हिंडून येत असेल तर रानातलेही त्याच्या अंगावर असू शकतात. म्हणून गोचीड नखांवर चिरडू नका. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, साबणाच्या पाण्यात टाका, हात धुवा. काजूत जाताना पूर्ण बाह्या, पायांना लावायचं मलम आरोग्य केंद्रात विचारा, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ.

कुळागरात वांदर मेलेलं दिसलं तर हात लावू नका, पुरू नका, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. रानात जाऊन आल्यावर अचानक खूप ताप, डोकं आणि कंबर ठणकणं असं झालं तर 'उष्णता झाली' म्हणत घरी बसायचं नाही, आणि डॉक्टरला रानात गेलो होतो हे सांगायचं.

सुंगटाच्या हिरड्या बघा. पांढुरक्या असतील, खात नसेल, नाकातून रक्त आलं तर तो गोचीडताप, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. रेबीजची लसही चुकवू नका. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला तो घरोघरी, रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचून. टोचणं थांबवलं तर तो जाहीरनामा चुलीत घालण्याच्या लायकीचा.

फिरता पाना
छपरावर माणूस चढवण्याआधी मेन स्विच बंद करा आणि खांबावरून घरात येणारी वायर कुठून जाते ते बघा. मेन बंद केलं तरी ती वायर जिवंतच असते. जुन्या घरांत ती पागोळीला लागून गेलेली असते आणि वरचं आवरण उन्हाने तडकलेलं. तिच्याजवळ काम असेल तर लाईनमनला बोलावून पुरवठा खांबावरून बंद करून घ्या.

ताई, घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का? ३० मिलिअँपियरचा?

कुळागरवाली
आहे, आणि त्याचंही रडगाणं आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री पाऊस लागला की पडायचा. वायरमनने येऊन 'हे काढून टाका, याच्याशिवाय चालतं' असं सांगितलं.

फिरता पाना
काढू नका! तो पडतो म्हणजे काम करतोय. कुठेतरी करंट जमिनीत जातोय आणि तो तुम्हाला ओरडून सांगतोय. ओल्या चिऱ्याला हात लावून, अनवाणी, न्हाणीत उभ्या असलेल्या माणसासाठीच तो असतो.

शोधणं अवघड नाही. सगळे छोटे एमसीबी (एकेका ओळीचे स्विच) बंद करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक चालू करत जा. ज्याने पडतो त्या ओळीत दोष. न्यूट्रलला गळती असेल तर एवढ्याने सापडत नाही, मग मीटरवाला माणूस लागतो. पण पावसातच पडतो म्हणजे बाहेरचा दिवा, विहिरीचा पंप, गोठ्याचा बोर्ड यांपैकीच काहीतरी. काणकोणात एका घरी दिवसभर डोकं खपवलं, शेवटी अंगणातल्या दिव्याची पेटी उघडली तर आत हुमल्यांचं घर. मुंग्या, पाला, माती, सगळं दोन तारांच्या मध्ये ओलं होऊन बसलेलं.

म्हापसेकर
हुमले आत होते म्हणजे बिल कोणी भरायचं?

सावंतवाडीचा पावणा
पश्चिमेच्या भिंतीला चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) झापं बांधता की नाही? वाऱ्याचा पाऊस थेट चिऱ्यावर बसला की आतून ओल येतेच, छपराचा दोष नसतो. निळं प्लॅस्टिक बांधू नका, फडफडून चार दिवसांत फाटतं आणि आत हवा खेळत नाही. झापांतून पाणी निथळतं, वारा जातो. चुडतं तर तुमच्या अंगणातच पडलेली असतील.

कुळागरवाली
अपडेट. दुपारी माळ्यावर गेले, दिवा न लावता. सासरे खालून 'डावीकडे बघ, डावीकडे' असं ओरडत होते, त्यांना जागा पाठ आहेत. ऊन आत येत होतं ते मोजक्या ठिकाणी, आणि बहुतेक फणसाच्याच बाजूला. वांदर फोडतात ती कौलं स्वयंपाकघरावर, पण माजघरात जी गळती आहे ती पन्हळीतून. पत्रा बोटाने दाबला तर बोट आरपार गेलं. म्हणजे माजघराच्या गळतीला वांदरांचा काही संबंध नाही आणि नवऱ्याचा निम्मा मुद्दा पडला.

रिपा मात्र दोन ठिकाणी गेल्यात. वाळवी नाही, मातीच्या नळ्या कुठेच नाहीत. खाली पिठासारखी बारीक पूड पडलेली आहे. याला काय लावू?

रीप आणि वासा
पूड म्हणजे भुंगा, लाकूड पोखरणारा. गेलेल्या रिपा बदला. बाकीच्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावा, जुनी माणसं होड्यांनाही तेच लावायची. पण ते कातडी भाजतं, फोड येतात. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि डोक्याच्या वरचं लाकूड असेल तर काढून खाली आणून लावा, वर बघत लावू नका. वाळेपर्यंत मांजरीला माळा बंद. म्हणजे पिल्लं खाली आल्यावरच.

पन्हळीला जाड ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, दोन्ही बाजूंना कौलांच्या खाली वीतभर तरी जाऊ दे.

पेडण्याचा बापू
म्हणजे पत्रा लागलाच की!

कुळागरवाली
बापू 😀 सासऱ्यांना पन्हळीचा पत्रा चालतो असं आत्ताच विचारून घेतलं.

ठरलं ते असं. माजघर आणि वसरीवर कौलं राहणार. स्वयंपाकघराच्या मागची न्हाणी आणि लाकडांची पडवी यांच्यावर पत्रा, तिथे नवऱ्याने हवा तो रंग निवडावा. फणसाच्या दोन फांद्या पाडेल्याने काढल्या. सुंगटाला पशुवैद्यांनी गोळी दिली आणि मी त्याच्या भिंतीचे सांधे खरवडतेय. चिरेबंदी काका म्हणाले तस्सेच ठिपके चालताना दिसले, दोन दिवस जेवण गेलं नाही. 'आली' अजून माळ्यावरच आहे, खोक्यात सुंगट झोपतो.

आता अडलंय ते कौलांवर. मला शंभरेक जुनी कौलं हवीत. नवीन आणली ती आमच्या जुन्या कौलांत बसतच नाहीत, खाच जुळत नाही.

चिरेबंदी
बसणार नाहीत. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात पहिला कारखाना काढला, मग तिथे एकामागून एक निघाले, आणि प्रत्येकाचं माप थोडं इकडेतिकडे. कौल उलटं करून पाठीवरचा शिक्का बघा, नाव आणि चिन्ह असतं. तोच शिक्का शोधा. किंवा एका उतारावरची सगळी जुनी कौलं उतरवून दुसऱ्या उतारावर भर घाला, आणि मोकळा झालेला उतार पूर्ण नव्या कौलांनी करा. दोन जाती एका उतारावर मिसळू नका.

पेडण्याचा बापू
घरावर नळे असले तरी आमच्या गोठ्यावर मंगळुरी कौलं होती, ती पडवीत रचून ठेवलेली आहेत. दीडशे तरी निघतील. शिक्का हत्तीचा आहे. तुमच्या एका कौलाच्या पाठीचा फोटो टाका, जुळला तर घेऊन जा. पैसे नकोत, पण टेंपो तुमचा, आणि सकाळी लवकर या. खालच्या थरात काय राहतं ते मला माहीत नाही, काठी घेऊन या.